तसबिरींतला शूर नेहमीं वांकलेलाच कां?

यंदा आखाजीच्या दुसऱ्या दिवशीं शिरपूर तालुक्यांतल्या एका शेतकरी स्नेह्याच्या घरीं जाण्याचा योग आला. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशांत नुसता झोक्यांचा आणि गाण्यांचा सण नव्हे; सालदाराचें साल त्या सुमारास सरतें आणि नवें ठरतें. स्नेह्याचा सालदार भिल्ल. नव्या सालाची बोली त्याच्या झोंपडीपुढें बसून चालली होती आणि आम्ही पाणी प्यावयास आंत गेलों. कुडाला एकलव्याची रंगीत तसबीर लावलेली होती. काळासांवळा पोर गुडघ्यावर बसला आहे, समोर द्रोणाचार्य उभे आहेत आणि पोराच्या तळहातावर त्याचाच तुटलेला आंगठा. सालदाराचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा आमची नजर तिकडे गेलेली पाहून म्हणाला, "आंगठा तर दी टाका, मंग बाण कसा मारी?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ही तसबीर आम्ही लहानपणापासून पाहत आलों. गुरुभक्तीचें चित्र म्हणून पाहिली, अन्यायाचें चित्र म्हणूनहि पाहिली. पण धनुर्धराचें चित्र काढावयाचें आणि नेमका तोच क्षण निवडावयाचा कीं ज्याच्यानंतर त्याच्यानें धनुष्य ओढवणार नाहीं, ही गोष्ट आमच्या ध्यानांत आणून द्यावयास एक पोर लागलें.

मग स्नेह्याच्या घरीं जेवावयास बसलों. आतां डोळे भिंतीवरच फिरूं लागले. रामपंचायतन, विठोबा, खंडोबा, सप्तशृंगीची देवी, बी-बियाण्याच्या दुकानाचें कॅलेंडर. छत्रपतींच्या तसबिरी दोन. एक घोड्यावरची. दुसरींत महाराज रामदासस्वामींपुढें वांकून झोळींत राज्याचें दानपत्र टाकीत आहेत. घोड्यावरच्या तसबिरींत महाराज एकटे. मागें किल्ला आहे, पण ज्यांनीं तो किल्ला चढून घेतला ते मावळे नाहींत. दुसऱ्या तसबिरींत महाराज एकटे नाहींत, पण तेथें त्यांची मान खालीं आहे.

कोणी लगेच रागावूं नये. समर्थ आणि महाराज यांची भेट केव्हां झाली, गुरुशिष्याचें नातें होतें कीं नव्हतें, यावर इतिहासकारांचा वाद जुना आहे आणि तो आम्ही येथें सोडवूं शकत नाहीं. आमच्या धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं रामदासी बाडें गोळा करण्यांत आयुष्य वेचलें. वाग्देवता मंदिरांत तीं आजहि जपून ठेवलेलीं आहेत. त्यांच्या कष्टांचें श्रेय त्यांस आहे. आमचा प्रश्न साधा आहे. ज्या राजानें आग्र्याच्या दरबारांत बादशहापुढें मान वांकविली नाहीं, त्याचें घरोघर लावण्याजोगें चित्र म्हणून राज्य देऊन टाकण्याचाच प्रसंग चिताऱ्याला कां सुचावा? जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालीं महाराजांचा पवाडा रचला तेव्हां त्यांच्या डोळ्यांपुढें कुळवाड्यांचा राजा होता. पण पवाडा ऐकावा लागतो, आणि तसबीर न ऐकतां, न वाचतां, रोज जेवतांना डोळ्यांत शिरते.

ही कांहीं आमच्याच देशाची खोड आहे असें नाहीं. फ्रान्स देशांत एपिनाल नांवाचें गांव आहे. तेथें पेलेरँ नांवाच्या गृहस्थानें १७९६ सालीं छापखाना घातला. लांकडी ठशानें चित्र उठवावयाचें, पत्र्याच्या नक्षीकाट्यांतून रंग भरावयाचे आणि फेरीवाल्यांच्या पाठीवर गठ्ठे देऊन गांवोगांव पाठवावयाचे, असा तो धंदा. शेतकऱ्यांच्या घरांत चुलीजवळच्या भिंतीला हीं चित्रें खिळ्यानें ठोकलेलीं असत. देव, संत, लढाया, नेपोलियन बादशहा, सारें त्यांत होतें. पुढें शाळेचीं पुस्तकें आलीं, आणि त्यांतल्या चित्रांतून तेथल्या पोरांना शिकविलें जाऊं लागलें कीं, आपले पूर्वज गॉल लोक आणि आपला पहिला वीर वर्सिंजेटोरिक्स.

हा वर्सिंजेटोरिक्स कोण? दोन हजार वर्षांमागें फ्रान्सला गॉल म्हणत. रोमच्या सीझरानें तो मुलूख जिंकीत आणला तेव्हां इसवी सनापूर्वी ५२ सालीं या तरुण सरदारानें निरनिराळ्या जमातींची एकी करून बंड उभारलें. शत्रूच्या फौजेस दाणावैरण मिळूं नये म्हणून त्यानें आपल्याच लोकांचीं गांवें आणि कोठारें जाळविलीं. हा गनिमी काव्याचाच प्रकार. गर्गोविया येथें त्यानें सीझराला मागें हटविलें. सीझर स्वतःच लिहितो कीं, त्या दिवशीं त्याचे ४६ शतपति आणि जवळजवळ ७०० शिपाई पडले. पुढें त्याच सालीं अलेसियाच्या वेढ्यांत अन्न तुटलें आणि वर्सिंजेटोरिक्स शत्रूच्या हातीं गेला. सहा वर्षें तुरुंगांत ठेवून, विजयाच्या मिरवणुकींत रोमच्या रस्त्यांतून फिरवून, मग त्याला मारून टाकलें.

आतां या माणसाचें सर्वांत गाजलेलें चित्र कोणतें? लिओनेल रोय्ये नांवाच्या चिताऱ्यानें १८९९ सालीं काढलेलें. त्याच्या छापील नकला शाळेच्या पुस्तकांतून किती पिढ्यांनीं पाहिल्या त्याची गणती नाहीं. चित्रांत वर्सिंजेटोरिक्स पांढऱ्या घोड्यावर ताठ बसला आहे, दिसावयास मोठा दिमाखदार आहे, आणि सीझराच्या पायांशीं आपलीं हत्यारें टाकीत आहे. गर्गोवियाची जीत भिंतीवर आली नाहीं. आली ती अलेसियाची शरणागती. मौज अशी कीं, खुद्द सीझराच्या ग्रंथांत या प्रसंगाला दोन-चार शब्दांपलीकडे जागा नाहीं. घोडा, दिमाख, पायांशीं टाकलेलीं हत्यारें हें सारें प्लुटार्क वगैरे मंडळींनीं शें-दीडशें वर्षांनीं लिहिलें, आणि त्यावरून चिताऱ्यानें चित्र रंगविलें. गॉल लोकांनीं स्वतः आपली एक ओळहि लिहून ठेवली नाहीं. जो जिंकला त्याच्या हातीं लेखणी, आणि जो हरला त्याचें चित्र त्या लेखणीच्या शाईंत.

दुसरी गोष्ट याहून कडू आहे. अलेसियाच्या टेकडीवर १८६५ सालीं वर्सिंजेटोरिक्सचा प्रचंड पुतळा उभा राहिला. पैसे दिले तिसऱ्या नेपोलियन बादशहानें. चेहऱ्याची ठेवण बादशहाच्या चेहऱ्यासारखी आहे असें लोक तेव्हांपासून म्हणत आले. लोंबत्या मिशा, लांब केस, सगळा थाट. आणि वर्सिंजेटोरिक्सच्या नांवाचीं जीं थोडीं सोन्याचीं नाणीं सांपडलीं आहेत त्यांवरचा चेहरा दाढीमिशांवांचून आहे! ज्या राज्याचा हा बादशहा, त्याच राज्याची फौज त्या काळांत अल्जीरियांतल्या लोकांना तुडवीत होती. तेथला अब्द-अल-कादिर पंधरा वर्षें लढून १८४७ सालीं शरण आला तो याच फ्रेंचांना. म्हणजे भिंतीवर गॉल व्हावयाचें आणि पारक्याच्या मुलखांत रोमन व्हावयाचें. पुढें वसाहतींतल्या काळ्या पोरांनाहि "आपले पूर्वज गॉल" हा धडा घोकावा लागला, हें तर जगप्रसिद्ध आहे.

चेहऱ्यांची अदलाबदल आमच्याकडेहि झालेली आहे. छत्रपतींचें म्हणून एके काळीं पुस्तकांतून जें चित्र फिरत होतें तें इब्राहीमखान नांवाच्या एका मुसलमान सरदाराचें होतें. वा. सी. बेंद्रे यांनीं शोध करून डच ग्रंथांतलें खरें चित्र १९३३ सालीं लोकांपुढें मांडलें तेव्हां उलगडा झाला. तोंवर भाबड्या लोकांनीं खानसाहेबांनाच हार घातले असतील, आणि त्यांत कोणाचें कांहीं बिघडलेंहि नाहीं.

महाराष्ट्रांत छापील तसबिरीचा धंदा पुण्याच्या चित्रशाळेनें १८७८ सालापासून नांवारूपास आणला. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांचें तें काम. रामपंचायतन त्यांनींच घरोघर पोंचविलें. पेशवाईंतले प्रसंग आणि नाना फडणीसहि त्यांनीं रंगवून छापले. नंतर १८९४ सालीं रविवर्म्याचा छापखाना मुंबईंत निघाला आणि लक्ष्मी-सरस्वती झोंपडीपर्यंत आल्या. या लोकांनीं गरिबाच्या भिंतीला रंग दिला हें खोटें कशाला म्हणावें? पूर्वीं रंगीत चित्र म्हणजे वाड्यांतली चीज होती. पण ज्याचा छापखाना त्याची निवड. पुण्याच्या पेठेंत बसून जे प्रसंग आठवतात ते तापीकांठच्या कुणब्याला, लोहाराला, भिल्लाला आठवणारे असतीलच असें नाहीं. आणि आमच्यापैकीं कोणी छापखाना घालून, "हें घ्या आमचें चित्र," असें म्हटलें नाहीं, हा दोष पुण्याच्या माथीं कसा मारावा?

मग आमचें चित्र कोणतें? वाचकहो, आपल्याच तालुक्यांचीं नांवें घेतों.

तापीच्या कांठीं थाळनेर. १८१८ च्या जानेवारींत होळकरांनीं तहांत हा मुलूख कंपनी सरकारला लिहून दिला. फेब्रुवारींत सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन आला, तेव्हां किल्लेदार तुळशीराम मामा यानें दरवाजे लावून घेतले. किल्ला पडल्यावर हिस्लॉपनें आंतल्या शिबंदीची कत्तल केली आणि किल्लेदाराला फांशीं दिलें. हें कृत्य इतकें उघडें अन्यायाचें होतें कीं, विलायतच्या पार्लमेंटांत आभाराचा ठराव आला तेव्हां त्यावरून खळखळ झाली. थाळनेरच्या पडक्या बुरुजांवर आज पोरें शेळ्या चारतात. तुळशीराम मामाची तसबीर आम्हीं तरी कोठें पाहिली नाहीं.

मग भिल्लांची पाळी. डोंगरांतल्या नाईकांनीं सात वर्षें कंपनीला स्वस्थ बसूं दिलें नाहीं. तेव्हां साहेबानें युक्ति केली. १८२५ सालीं जेम्स औट्रम यानें धरणगांवास भिल्लांचीच पलटण उभी केली. भिल्लाला गणवेश, भिल्लाला पगार, आणि भिल्लावरच बंदूक. सीझरानेंहि हेंच केलें होतें; गॉल तरुणांची एक सबंध पलटण त्यानें आपल्या फौजेंत घेतली आणि तिला चंडोल पक्ष्याचें नांव दिलें. औट्रमसाहेब पुढें मोठा झाला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत त्याची कबर आहे, लंडनांत त्याचा पुतळा आहे, कलकत्त्यांत घोड्यावरचा आहे.

येथें कुणबी बांधवांना एक गोष्ट ऐकवावयाची आहे, आणि ती गोड नाहीं. आपल्या घरांत आजीच्या तोंडून आपण भिल्लांच्या धाडीच्या गोष्टी ऐकल्या. त्या खोट्या नव्हत्या; गांवें लुटलीं गेलीं, गुरें गेलीं. त्यामुळें भिल्ल म्हटला कीं चोर, असें मनांत बसलें आणि साहेबाच्या गॅझेटियरनें त्यावर शिक्का मारला. आतां १८५२ साल पाहा. सरकारनें जमीनमोजणी आणली. सारा वाढणार, जमीन जाणार, या धास्तीनें सावदा, रावेर, यावल, चोपडा, एरंडोल या बाजूचे शेतकरी हजारोंनीं गोळा झाले आणि मोजणी बंद करा म्हणून त्यांनीं अंमलदारांच्या तंबूंना गराडा घातला. त्या शेतकऱ्यांचे पुढारी पकडावयास सरकारनें कोणाला पाठविलें? धरणगांवच्या भिल्ल पलटणीला. भिल्ल आपला वैरी असें ज्यानें आपणांस पटविलें, त्यानेंच भिल्लाला सांगितलें कीं, कुणबी माजला आहे. एकाच्या हातीं बंदूक, दुसऱ्याच्या मनगटांत बेडी, आणि हुकूम तिसऱ्याचा.

आणि खाज्या नाईक. मुंबई-आग्रा रस्त्यावर शिरपुराच्या पलीकडे सेंधव्याचा घाट लागतो. त्या घाटाच्या राखणीला तो कंपनीच्या चाकरींत होता. एका कैद्याच्या मृत्यूबद्दल त्याला शिक्षा झाली. सुटून आल्यावर सरकारनें पुन्हां चाकरीस घेतलें, आणि १८५७ च्या धामधुमींत त्यानें चाकरी टाकली. त्याच घाटांत सरकारचा सात लाखांचा खजिना लुटला. तो संत नव्हता, आणि त्याला संत करून तसबिरींत बसवूंहि नये. ११ एप्रिल १८५८ रोजीं आंबापाणी येथें इंग्रजी फौजेशीं लढाई झाली. भिल्ल हरले. धरलेल्यांपैकीं पन्नासांहून अधिक लोकांना जागच्या जागीं चौकशीचा देखावा करून गोळ्या घातल्या, आणि शेंकडों बायकांना कैद करून नेलें. पुरुषांना ठावठिकाणा सांगावयास लावण्यासाठीं बायका धरणें हें त्या काळच्या बंदोबस्ताचें नेहमींचें हत्यार होतें. खाज्याला १८६० सालीं विश्वासघातानें मारलें. त्याचा साथीदार भीमा नाईक काळ्या पाण्यावर गेला आणि तेथेंच मेला.

अलीकडे पाड्या-पाड्यांतून बिरसा मुंडा, तंट्या भिल्ल, खाज्या नाईक यांच्या तसबिरी दिसूं लागल्या आहेत. ९ ऑगस्टच्या मिरवणुकींत त्या डोक्याएवढ्या उंच फलकांवर असतात. आम्हांस त्याचा आनंद आहे. पण येथेंहि तीच खोड पाहा. बिरसाचें मूळ छायाचित्र त्याला धरल्यानंतरचें, कैदेंतलें. त्यावरून झारखंडांत त्याचे पुतळे उठले ते हातांत बेड्या घातलेले! २०१६ सालीं तेथल्या सरकारला ठरवावें लागलें कीं, या बेड्या आतां काढा. ज्यानें पकडलें त्यानेंच चित्र घेतलें, म्हणून पकडलेलाच दिसला. पुण्यांत २०१० च्या डिसेंबरांत लाल महालांतला दादोजी कोंडदेवांचा पुतळा हलविला तेव्हां केवढें रान उठलें होतें! लोक म्हणाले, दगडाचें काय घेऊन बसलांत? पण दगडाचें आणि कागदाचें जर कांहींच नसतें, तर दोन्ही बाजूंचे शहाणे लोक इतके तापले कशाला असते?

कोणी विचारील, या लोकांचीं खरीं चित्रें उपलब्ध नाहींत, मग काढणार काय? रोय्येजवळ तरी काय होतें? बादशहाच्या पुतळ्याला मिशा कोणी दिल्या? कल्पनेनें काढावयाचें तर निदान खोटी ऐट नको. खाज्या नाईकाला रजपुताचा जिरेटोप आणि छत्रपतींची दाढी चिकटवूं नका. भिल्ल भिल्लासारखा दिसूं द्या. कमठा, बाण, डोक्याला फडकें, पायांत कांहीं नाहीं. आणि एकट्या नायकाला घोड्यावर बसविलेंच पाहिजे असेंहि नाहीं. आमच्या मतें खानदेशांतलें खरें चित्र आंबापाण्याच्या बायकांचें आहे. नाहीं तर १८५२ चें आहे: कपाशीच्या शेतांत मोजणीची साखळी जमिनीवर पडलेली, समोर तंबू, आणि तंबूभोंवतीं फेटे, घोंगड्या, मुंडाशीं यांचा समुद्र. त्यांत माळी असेल, लेवा असेल, गुजर असेल, सुतार-लोहार असेल. कोणाचें नांव माहीत नाहीं, म्हणून ज्याच्या त्याच्या घरांतलें पोर त्यांत आपला पणजोबा शोधील. चित्रांत एकहि मान खालीं नको. ते नंतर हरले हें आम्ही जाणतों. एकलव्यानेंहि आंगठा दिला हें जाणतों. पण त्याच्या आधींची सारी वर्षें त्याचा बाण चुकत नव्हता, तीं वर्षें चितारी कोठें ठेवतात?

आमच्या स्नेह्याला आम्हीं हें सारें जेवतां जेवतां सांगितलें. तो हंसून म्हणाला, "तात्या, तसबीर कोणी विकत घेतो कां आतां? फुकट कॅलेंडर येतं ते लावतो." खरेंच आहे. शेतकऱ्याच्या भिंतीचा मालक हल्लीं बियाण्याचा दुकानदार, पतपेढी आणि विकास सोसायटी. मग गोष्ट सोपी झाली. सोसायटींत आपलेच पंच आहेत. नव्या सालाच्या कॅलेंडरची मागणी दसरा-दिवाळीच्या सुमारास छापखान्यांत जाते आणि छापखानेवाला जुन्या चित्रांची वही पुढें करतो. ती वही बाजूला सारून जळगांव-धुळ्याच्या एखाद्या होतकरू चिताऱ्याला आधींच काम सांगितलें, तर खर्चांत फारसा फरक पडत नाहीं. एक चित्र हजार घरांत जातें. स्नेही सोसायटीचा पंच आहे. पुढच्या सभेंत विषय काढतों म्हणाला. सालदाराची बोली मात्र त्या दिवशीं तुटली नाहीं. दोन पोत्यांवरून अडली होती. सायंकाळीं परत निघालों तेव्हां तो पोर झोंपडीबाहेर बांबूच्या कामटीला सुतळी बांधून बाण मारीत होता, आणि आंगठा चांगला घट्ट रोवून धरलेला होता.